स्विमिंग पुलावरचा पिवळा थर: परागकण पाण्यातून काढायचे कसे

चवथीनंतर पाऊस ओसरू लागला की गोव्यातल्या घरगुती स्विमिंग पुलांवर सकाळी पिवळसर, पिठूळ साय दिसू लागते. कमी-अधिक प्रमाणात ती थेट मे महिन्यापर्यंत येत राहते. बहुतेक घरांत तिला शेवाळ समजून क्लोरीन ओतले जाते, आणि दोन दिवसांनी पाणी जसेच्या तसे पिवळट असते. परागकणाचे बाहेरचे कवच स्पोरोपोलेनिन नावाच्या पदार्थाचे असते. ते इतके चिवट की लाखो वर्षांपूर्वीचे परागकण खडकांत शाबूत सापडतात. रोजच्या २-३ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) क्लोरीनने तर सोडाच, शॉक म्हणून, म्हणजे एकदम मोठ्या मात्रेत दिलेल्या १० पीपीएमनेही ते विरघळत नाही. पराग पाण्यातून उचलूनच काढावा लागतो. तरंगत असताना काढला तर अर्ध्या तासाचे काम, तळाशी बसला तर एका दुपारचे, आणि भिजून फुटला तर दोन-तीन दिवसांचे.

पुढचे सगळे हिशेब ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल, म्हणजे ४०,००० लिटरच्या पुलासाठी आहेत. पंप ताशी १०,००० लिटरचा आणि सँड फिल्टर, म्हणजे वाळूचा फिल्टर, ६०० मिलिमीटर व्यासाचा धरला आहे. तुमचा पूल लहान-मोठा असेल तर त्या प्रमाणात आकडे बदला.

आधी खात्री करा

पुलात पिवळे दिसणारे सगळेच पराग नसते. गोव्यात चार गोष्टींची गल्लत होते, आणि चौघींचे उपाय वेगळे आहेत.

पराग वाऱ्याबरोबर एका कोपऱ्यात किंवा पायऱ्यांपाशी जमतो. हात फिरवला की बाजूला होतो आणि पुन्हा एकत्र येतो. रात्रभर पंप बंद ठेवला तर काही भाग तळाला जिथे पाणी सर्वांत शांत असते तिथे बसतो. पिवळे शेवाळ मात्र भिंतीला धरून असते, बहुधा सावलीच्या बाजूला. ब्रश मारला की त्याचा धूर उठतो आणि दोन दिवसांनी ते नेमके त्याच जागी परत येते. लाल माती, म्हणजे चिऱ्याची किंवा रस्त्याच्या कामाची धूळ, तरंगत नाही. पडल्या पडल्या बुडते, आणि बोटांत चोळली तर खरखरते. चौथे लोह. बोअरच्या किंवा काही विहिरींच्या पाण्यात विरघळलेले लोह असते. पूल भरताना पाणी स्वच्छ दिसते, क्लोरीन टाकले की तासाभरात चहासारखे होते. त्या पाण्यात पांढऱ्या भांड्यातही रंग दिसतो, पण कण दिसत नाहीत.

एवढ्यावरही शंका राहिली तर रात्रीची चाचणी करा. सूर्य मावळल्यावर फ्री, म्हणजे अजून काम करायला मोकळे असलेले क्लोरीन मोजा, पहाटे ऊन पडण्याआधी पुन्हा मोजा. रात्री ऊन नसते, माणसे पोहत नसतात. तरीही १ पीपीएमपेक्षा जास्त घट झाली असेल तर पाण्यात काहीतरी जिवंत वाढते आहे, किंवा सेंद्रिय घाण फार साचली आहे. घट त्याहून कमी आणि पाणी मात्र पिवळट, तर तो पराग. या चाचणीसाठी डीपीडी किट लागते. बाजारात स्वस्त मिळणारे, थेंब टाकल्यावर पिवळे होणारे ओटीओ किट फक्त एकूण क्लोरीन दाखवते. फ्री किती आणि बांधलेले (घाणीशी जोडले जाऊन निकामी झालेले) किती, हे त्यात कळत नाही. परागाच्या दिवसांत हाच फरक महत्त्वाचा असतो.

झाड कोणते, महिना कोणता

पावसाळा संपताना गवत फुलते. भरडावरचे, बांधावरचे, मोकळ्या प्लॉटमधले. गवताचा पराग हलका, साधारण २५ ते ४० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि वाऱ्यावरच पसरणारा. पुलापासून लांबच्या शेतातूनही तो येतो, त्यामुळे घराभोवती झाड नसले तरी साय दिसते. किनाऱ्याजवळच्या घरांना सुरूच्या बनांचा त्रास असतो. सुरूचा परागही वाऱ्याचाच, ३० मायक्रॉनच्या आसपास.

आकेशियाची गोष्ट वेगळी. खाणींच्या डंपवर आणि पडीक जमिनीवर लावलेली ही ऑस्ट्रेलियन झाडे पिवळ्या लोंब्यांनी भरतात. त्यांचा पराग एकेकटा न सुटता १६ कणांच्या गठ्ठ्यात सुटतो, म्हणून जड असतो आणि झाडापासून फार दूर जात नाही. पुलात येते ते मुख्यतः लोंब्यांचा पिवळा चुरा. आंबा आणि काजूचे तसेच. डिसेंबर ते फेब्रुवारीत मोहर येतो, परागीभवन मुख्यतः किड्यांवर, त्यामुळे हवेत उडणारा पराग थोडा आणि गळालेला मोहर भरपूर. हा मोहर स्किमरच्या (पुलाच्या भिंतीतले, वरचे पाणी आत ओढणारे तोंड) बास्केटात कुजला की क्लोरीन खातो.

माड बारा महिने. महिन्याला साधारण एक पोय, म्हणजे फुलांचा तुरा, फुटते आणि तिच्यातली हजारो नरफुले पुढचे दोन-तीन आठवडे गळत राहतात. ही कडक, मळकट पांढरी फुले पंपाच्या गाळणीत अडकतात आणि त्यांच्यावरचा पराग पाण्यात उतरतो. माड पुलावर झुकलेला असेल तर पराग किती येणार हे ऋतूपेक्षा पोयीवर ठरते.

तरंगतो तोवर पकडा

परागकणावर तेलकट लेप असतो, म्हणून तो सुरुवातीला पाण्यात भिजत नाही. काही तासांपासून एखाद्या दिवसात तो पाणी शोषतो आणि बुडतो. तुमच्या हातात असलेला वेळ एवढाच.

वाऱ्याकडे लक्ष द्या. डिसेंबर ते मार्चमध्ये गोव्यात सकाळी वारा जमिनीकडून, म्हणजे पूर्वेकडून हळू वाहतो. दुपारनंतर समुद्राकडचा, वायव्य-पश्चिमेचा वारा जोर धरतो. म्हणजे सकाळी पराग पुलाच्या पश्चिम कडेला जमतो आणि दुपारी पूर्वेच्या. तुमचे स्किमर पश्चिम भिंतीत असेल तर पंप पहाटे सुरू करा. पूर्व भिंतीत असेल तर दुपारी बारा-एकपासून चालवणे फायद्याचे, आणि सकाळचा पराग हातजाळीने काढावा लागेल. पूल अजून बांधायचा असेल तर एकच स्किमर न ठेवता समोरासमोर दोन घ्या. नंतर भिंत फोडून बसवण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडते.

पाण्याची पातळी स्किमरच्या तोंडाच्या मध्यावर हवी. जास्त झाली तर वरचा थर आत ओढला जात नाही, कमी झाली तर पंप हवा खेचतो. कोरड्या दिवसांत बाष्पीभवनानेच आठवड्यात तीन-चार सेंटीमीटर पाणी उतरते, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी पातळी पाहावी. स्किमरच्या तोंडाशी असलेला तरंगता फ्लॅप मोकळा हलतो ना, तेही पाहा. तो अडकला की पंप बंद होताच जमलेला सगळा पराग परत पुलात येतो.

पुलात मुख्य निचऱ्याचा आणि स्किमरचा असे दोन व्हॉल्व्ह असतात. एरवी ते अर्धे-अर्धे ठेवले तरी चालते. परागाच्या दिवसांत स्किमरचा पूर्ण उघडा आणि तळाचा पाव भागच उघडा ठेवा. गाळलेले पाणी परत आणणाऱ्या, भिंतीतल्या रिटर्नच्या गोल तोंड्या अशा वळवा की वरचे पाणी संथ गोल फिरत स्किमरकडे येईल. त्या वर रोखून कारंज्यासारखा खळखळाट करू नका. तसे केल्याने पराग लवकर भिजतो आणि बुडतो.

आता मोजा, म्हणजे पायात घालतात तो. स्किमरच्या बास्केटाची भोके मिलिमीटरची आणि पराग ३० मायक्रॉनचा. बास्केट त्याला अडवूच शकत नाही. त्यासाठी बास्केटावर बारीक नायलॉनचा स्किमर सॉक चढवतात. तो मिळाला नाही तर बायका सँडलमध्ये घालतात ते पातळ, अंगाच्या रंगाचे मोजे चालतात. इलॅस्टिकची कड बास्केटाच्या काठावर बाहेरून दुमडा आणि मोजा आत सोडा. पराग एकेकटा असताना काही कण त्यातूनही जातात. पण थोडा थर जमला की तो थरच गाळणी बनतो, आणि मोजा पिवळ्या चिखलाने भरतो.

याच थराने गोंधळही होतो. मोजा पूर्ण बुजला की पंपाला पाणी मिळत नाही. फिल्टरच्या गेजवरचा दाब नेहमीपेक्षा खाली येतो, पंपाच्या काचेच्या झाकणात बुडबुडे दिसतात, आवाज कोरडा होतो. असाच चालला तर मेकॅनिकल सील जळते. म्हणून पराग गळण्याच्या मुख्य दिवसांत मोजा सकाळ, दुपार, संध्याकाळ तीनदा बदला, आणि रात्री पंप चालणार असेल तर काढून ठेवा. दोन-तीन मोजे आलटून पालटून वापरले की बरे पडते. वापरलेला मोजा उलटा करून बागेत धुवा. परागाची ॲलर्जी असलेल्याने तो वाळल्यावर झटकू नये.

हातजाळीबद्दल थोडेच. पाने काढायची खोल जाळी इथे निरुपयोगी, तिचे विणकाम मोठे असते. उथळ, बारीक विणीची जाळी घ्या आणि ती पाण्यावरून सरळ, हळू ओढा. घाईने मारलेल्या जाळीने थर फुटतो आणि अर्धा पराग खाली जातो.

पंप किती वेळ चालवावा? आपल्या पुलाचे सगळे पाणी हिशेबाने ४ तासांत एकदा फिरते. पण गाळलेले पाणी पुन्हा पुलातच मिसळते, त्यामुळे एका फेरीत प्रत्यक्ष सुमारे ६३ टक्के पाणीच फिल्टरमधून जाते. दोन फेऱ्यांत ८६, तीन फेऱ्यांत ९५ टक्के. एरवी ८ तास पुरतात, पराग असताना १२ तास ठेवा. वीज वारंवार जात असेल तर यांत्रिक टायमर तितकाच मागे पडतो. पहाटे ६ला लावलेला पंप महिनाभराने ९ला सुरू होतो आणि सकाळचा पराग निसटतो. आठवड्यातून एकदा टायमरचे घड्याळ जुळवा.

फिल्टर

सँड फिल्टर चांगल्या स्थितीत २० ते ४० मायक्रॉनपर्यंतचे कण अडवतो. पराग नेमका याच सीमेवर असतो, म्हणून ज्या फिल्टरमध्ये एरवी पाणी स्वच्छ दिसते तोच या दिवसांत कमी पडतो. कार्ट्रिज फिल्टर १० ते २० मायक्रॉनपर्यंत जातो, पण परागाने त्याच्या घड्या लवकर बुजतात आणि दर दोन-तीन दिवसांनी पाइपच्या धारेखाली धुवाव्या लागतात.

लोकांची एक सवय इथे नडते. पाणी पिवळे दिसले की रोज बॅकवॉश, म्हणजे उलटे पाणी सोडून वाळू धुणे. ताजी धुतलेली वाळू सर्वांत कमी गाळते. थोडी घाण अडकली की कणांमधल्या फटी लहान होतात आणि बारीक कण अडकू लागतात. म्हणून बॅकवॉश दिवस मोजून न करता दाब पाहून करा. धुतल्यानंतर लगेच गेजवर जो आकडा येतो तो खडूने टाकीवर लिहून ठेवा. त्यावर ८ ते १० पीएसआय, म्हणजे साधारण अर्धा ते पाऊण बार वाढ झाली की बॅकवॉश.

पद्धत अशी. पंप बंद करा. मल्टिपोर्ट व्हॉल्व्हची (फिल्टरवरचा, पाण्याची वाट बदलणारा) मूठ दाबून बॅकवॉशवर आणा. पंप सुरू करा आणि व्हॉल्व्हवरच्या काचेच्या बाटलीतले पाणी स्वच्छ होईपर्यंत चालवा, साधारण ३ मिनिटे. पराग असताना पाणी आधी पिवळे, मग क्षणभर स्वच्छ आणि पुन्हा पिवळे येते, तेव्हा पहिल्या स्वच्छ पाण्यावर थांबू नका. पंप बंद, मूठ रिन्सवर, १ मिनिट. पंप बंद, मूठ फिल्टरवर. रिन्स गाळले तर वाळूत सुटा झालेला पराग थेट पुलात येतो. आणि पंप चालू असताना मूठ कधीच फिरवू नका. आतले चाकासारखे रबरी गॅस्केट फाटते, मग बॅकवॉशच्या पाइपमधून कायम पाणी झिरपत राहते. एका बॅकवॉशला रिन्ससह ६००-७०० लिटर पाणी जाते. टँकरच्या पाण्यावर पूल चालवणाऱ्यांनी रोजच्या बॅकवॉशचा खर्च एकदा मांडून पाहावा.

बॅकवॉश करूनही रिटर्नच्या तोंडीतून पिवळा धूर येत असेल तर वाळू बघा. पाच-सहा वर्षांत वाळूचे कण गुळगुळीत होतात. सनस्क्रीन आणि खोबरेल तेलाने तिचे गठ्ठे बनतात आणि गठ्ठ्यांच्या मधून पाणी वाट काढते. झाकण उघडून वरचा थर पाहा. पृष्ठभाग सपाट हवा. खड्डे, भेगा किंवा हाताला लागणारी ढेकळे दिसली तर वाळू बदलायची वेळ आली. ६०० मिलिमीटरच्या टाकीला साधारण दीडशे किलो वाळू लागते, नेमका आकडा टाकीवरच्या पट्टीवर असतो. नदीची किंवा बांधकामाची वाळू भरू नका. फिल्टरची सिलिका वाळू ०.४ ते ०.८ मिलिमीटरची, चाळलेली आणि धुतलेली असते. नवी भरताना टाकी आधी अर्धी पाण्याने भरा, म्हणजे वाळू पडून तळाच्या प्लॅस्टिकच्या लॅटरल नळ्या मोडणार नाहीत.

वाळू चांगली असताना तिची पकड वाढवायला सेल्युलोजची पावडर स्किमरमधून थोडी थोडी सोडतात. बादलीत पाण्यात कालवून, गेज १ पीएसआयने वाढेपर्यंतच. पुढच्या बॅकवॉशला ती निघून जाते.

तळाशी बसला तर

सकाळी पंप सुरू करण्याआधी, पाणी स्थिर असताना पाहा. पायऱ्यांच्या कोपऱ्यात, खोल बाजूच्या भिंतीलगत पिवळी रेघ दिसेल. ती ब्रशने झाडायचा मोह आवरा. ब्रशने पराग उठतो आणि मग तो पुन्हा बसायला तासन्‌तास लागतात.

नेहमीसारखे मूठ फिल्टरवर ठेवून व्हॅक्युम केले, म्हणजे तळाचा गाळ नळीने ओढला, तर बारीक पराग वाळूतून पार होऊन दुसऱ्या टोकाने परत येतो. तळ स्वच्छ, पाणी धुरकट. म्हणून मूठ वेस्टवर ठेवून व्हॅक्युम करा, म्हणजे पाणी फिल्टरला वळसा घालून थेट बाहेर जाते. यात पाणी खर्च होते. २० मिनिटांत साधारण ३,३०० लिटर, म्हणजे आपल्या पुलाची पातळी १० सेंटीमीटर खाली. त्यामुळे आदल्या दिवशी पातळी तेवढी वाढवून ठेवा, नाहीतर काम अर्ध्यावर असताना स्किमर हवा ओढू लागेल. नळी आधी पाण्याने पूर्ण भरून घ्या, मगच जोडा. नळीच्या टोकाचे हेड तळावरून अगदी सावकाश, पावलाला पाऊल लावून चालावे तसे फिरवा. सर्वांत दाट थरापासून सुरुवात करा, म्हणजे पाणी संपले तरी मुख्य काम झालेले असेल.

पूल साफ करणारा रोबो असेल तर त्याची साधी पिशवी काढून अतिबारीक गाळणीची बसवा. साध्या पिशवीतून पराग मागच्या बाजूने बाहेर पडतो.

पाणी धुरकट झाले तर

गवताचे परागकण पाण्यात फुगून फुटतात आणि त्यातून एक-दोन मायक्रॉनचे पिष्टकण बाहेर पडतात. हे ना स्किमरमध्ये सापडतात ना वाळूत. इथे क्लॅरिफायर किंवा तुरटी लागते.

हलक्या धुरकटपणाला क्लॅरिफायर, म्हणजे बारीक कण एकमेकांना चिकटवणारे द्रव, पुरतो. बाटलीवर लिहिलेल्या मात्रेने टाका आणि पंप अखंड २४ तास चालवा. दुप्पट टाकल्याने दुप्पट परिणाम होत नाही. जास्त झाले तर कण एकमेकांना चिकटण्याऐवजी दूर ढकलतात आणि पाणी आणखी धुरकट होते.

तळ दिसत नसेल तर तुरटी. आधी अल्कलिनिटी (पीएच स्थिर धरून ठेवायची पाण्याची ताकद) मोजा, ही पायरी गोव्यात टाळून चालत नाही. चिऱ्याच्या जमिनीतल्या विहिरींचे पाणी बहुधा मऊ आणि किंचित आम्लधर्मी असते, अल्कलिनिटी अगदी कमी. अशा पाण्यात तुरटी टाकली तर पीएच धाडकन उतरतो, गाळ धरत नाही आणि सिमेंटच्या सांध्यांना त्रास होतो. ती ८० ते १२० पीपीएमच्या दरम्यान आणि पीएच ७.२ ते ७.५ असेल तरच पुढे जा. पीएच ७.८च्या वर असेल तर तुरटीतले ॲल्युमिनियम पाण्यात विरघळलेलेच राहते आणि चार दिवसांनी नवा धुरकटपणा देते.

मात्रा अंदाजाने ठरवू नका. पाणी शुद्धीकरणाची १० ग्रॅम तुरटी १ लिटर पाण्यात विरघळवा. पुलातल्या पाण्याच्या एकेक लिटरच्या तीन पारदर्शक बाटल्या भरा. औषधाच्या सिरिंजने पहिलीत १, दुसरीत २ आणि तिसरीत ३ मिलिलिटर द्रावण टाका. म्हणजे १०, २० आणि ३० पीपीएम झाले. अर्धा मिनिट जोरात, मग पाच मिनिटे हळू ढवळा आणि दोन तास ठेवा. ज्या सर्वांत कमी मात्रेत पाणी स्वच्छ झाले आणि तळाशी कापसासारखा गाळ बसला, तीच आपली मात्रा.

समजा २० पीपीएम निघाली. ४०,००० लिटरला ८०० ग्रॅम. मग:

१. संध्याकाळी पातळी १०-१२ सेंटीमीटर वाढवा. सगळ्यांना पुलाबाहेर काढा.

२. मूठ रीसर्क्युलेटवर ठेवा, म्हणजे पाणी फिल्टर टाळून पुलातच फिरेल. फिल्टरवर ठेवून तुरटी टाकली तर वाळू गोंदासारख्या गाळाने जाम होते आणि ती बॅकवॉशनेही नीट सुटत नाही.

३. तुरटी दोन-तीन बादल्यांत पूर्ण विरघळवून पुलाभोवती फिरत सगळीकडे ओता. खडे तसेच टाकू नका.

४. अर्धा तास पंप चालवून बंद करा. टायमरही बंद करा. रात्री तो आपोआप सुरू झाला तर बसलेला गाळ सगळा उठतो, आणि या कामात सर्वांत जास्त वेळा हीच चूक होते.

५. ८ ते १२ तासांनी, सकाळी लवकर, कोणी पाण्यात उतरण्याआधी गाळ वेस्टवर व्हॅक्युम करा. तो फार हलका असतो. हेड जरा जोरात नेले तरी ढग उठतो. उठलाच तर थांबा, चार तासांनी पुन्हा करा.

६. पाणी भरा, अल्कलिनिटी मोजा. २० पीपीएम तुरटी सुमारे १० पीपीएमपर्यंत अल्कलिनिटी खाते. ती भरून काढायला आपल्या पुलात साधारण ६७० ग्रॅम खायचा सोडा लागतो.

क्लोरीनचे काम किती

पराग क्लोरीनने जात नाही, पण क्लोरीन मात्र परागाने जाते. त्याच्याबरोबर येणारी प्रथिने, मोहर, मेलेल्या मधमाश्या हे सगळे ऑक्सिडाइझ करण्यात ते खर्च होते, आणि पातळी खाली गेली की मग खरे शेवाळ धरते. म्हणून या दिवसांत फ्री क्लोरीन २ ते ३ पीपीएमच्या दरम्यान ठेवा आणि मोजमाप एक दिवसाआड करा. नमुना कोपरभर खोलीतून घ्या, वरचे पिवळे पाणी घेऊ नका.

४०,००० लिटरमध्ये १ पीपीएम वाढवायला ६५ टक्क्यांचे कॅल्शियम हायपोक्लोराइट ६२ ग्रॅम, ९० टक्क्यांचे टीसीसीए (ट्रायक्लोर) ४४ ग्रॅम, किंवा १० टक्क्यांचे ताजे द्रव हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) ४०० मिलिलिटर लागते. द्रव हायपो उन्हात ठेवलेल्या कॅनमध्ये झपाट्याने कमजोर होते, तेव्हा एप्रिलमध्ये या आकड्यावर विसंबू नका, टाकून मोजा. टीसीसीएच्या गोळ्या सोयीच्या, पण दर १ पीपीएम क्लोरीनमागे ०.६ पीपीएम सायन्युरिक आम्ल मागे ठेवतात. पावसाळ्यात पाणी ओसंडून ते पातळ होते. ऑक्टोबर ते मे मात्र साचतच जाते, आणि ५० पीपीएमच्या वर गेले की तेवढ्याच क्लोरीनचा असर मंदावतो.

फ्री आणि एकूण क्लोरीनमधला फरक ०.५ पीपीएमच्या वर गेला, डोळे झोंबू लागले, तरच शॉक द्या. फरकाच्या दहापट क्लोरीन, सूर्य मावळल्यावर, पंप चालू ठेवून. आणि आधी पराग काढून. टीसीसीए आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट एकाच डब्यात, एकाच चमच्याने, एकाच फ्लोटरमध्ये (गोळ्यांच्या तरंगत्या डब्यात) कधीही येऊ देऊ नका. ओल लागली तर पेट घेतात, स्फोटही होतो. पावडर नेहमी पाण्यात टाका, पावडरवर पाणी ओतू नका.

ओव्हरफ्लो पूल असेल तर

बऱ्याच नव्या बंगल्यांत स्किमर नसते. पाणी कडेवरून जाळीच्या गटारात आणि तिथून बॅलन्सिंग टँकमध्ये जाते. परागासाठी ही रचना उत्तम, कारण वरचा थर चारही बाजूंनी उतरतो. पण तो उतरतो पंप चालू असतानाच. आणि उतरलेला सगळा पराग टाकीत जाऊन बसतो. टाकीच्या तोंडाला बारीक नायलॉनची पिशवी बांधा आणि हंगामात दर महिन्याला टाकी उपसून तळाचा गाळ काढा. पूल स्वच्छ आणि तरी क्लोरीन टिकत नाही, अशी तक्रार असेल तर आधी या टाकीचे झाकण उचला. कड एका बाजूला काही मिलिमीटर जरी खचली असेल तर सगळे पाणी तिथूनच उतरते आणि उरलेल्या कडेला पिवळा पट्टा उभा राहतो. पातळी-नळीने कड तपासता येते.

कडेची रेघ, झाकण आणि झाडे

टाइल्सवरची पिवळी चिकट रेघ म्हणजे तेलात अडकलेला पराग. खायच्या सोड्याची घट्ट पेस्ट आणि स्पंज पुरतो. भांड्यांचा साबण वापरला तर फेस आठवडाभर जात नाही. तारेच्या घासणीचे तुकडे तळाला गंजून डाग पाडतात.

पाने अडवायचे जाळीदार झाकण परागाला अडवत नाही. घट्ट झाकण अडवते, पण इथल्या उन्हात पाणी कोमट करते, म्हणून ते रात्रीपुरते घाला आणि सकाळी काढण्याआधी वरचा पराग पाइपने पुलाबाहेरच्या दिशेने धुवा. ओढताना तो घसरून पाण्यात पडला तर झाकण घालून उपयोग काय?

पुलावर झुकलेल्या माडासाठी झाड पाडण्याचा विचार करू नका. पाडेलीला नारळ काढायला बोलावता तेव्हाच पुलाच्या बाजूच्या सुकलेल्या पोया आणि झावळ्या उतरवून घ्या. फुटू पाहणारी कोवळी पोय काढली तर फुले गळत नाहीत, पण तेवढे नारळही जातात. रेंदेराला, म्हणजे सूर (माडी) काढणाऱ्याला दिलेल्या माडाखालचा पूल यातून सुटतो, कारण सूर काढताना पोय उमलण्याआधीच बांधून छाटत जातात. माडासकट कोणतेही झाड तोडायचे झाल्यास गोव्यात १९८४च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे वन खात्याच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी आधी घ्यावी लागते. पुलाभोवतीचे गवत मात्र फुलावर येण्याआधी, सप्टेंबरमध्येच कापून टाका. याला परवानगीही लागत नाही आणि फरक सर्वांत जास्त याच कामाने पडतो.

बॅकवॉशचे आणि व्हॅक्युमचे पाणी थेट व्हाळात, विहिरीजवळ किंवा खालच्या शेतात सोडू नका. ते टाकीत किंवा खड्ड्यात दोन दिवस उघड्यावर उन्हात ठेवा. क्लोरीन उडाले हे किटने पाहून मग माडांच्या आळ्यात घाला. तुरटीचा गाळ असलेले पाणी मात्र भाज्यांच्या वाफ्यांना नको.